तिसरा पुकारा

हिंगणघाटच्या सराफा ओळीत एक नियम कुठेही लिहिलेला नाही आणि तरी सगळे पाळतात. धरमकाट्यावर तोल चालू असला की कुलर बंद. बाहेर सेहेचाळीस डिग्री असो नाहीतर अठ्ठेचाळीस, सुरभीने काट्याच्या काचपेटीचं दार लावून एक बोट वर केलं की बटणाजवळ जो बसला असेल त्याने मुकाट्याने कुलर बंद करायचा. मग लखपती असो की त्याचा गडी, सगळे सारखेच घामाने निथळायचे. कारण वाऱ्याची झुळूक लागली तरी आकडा हलतो, आणि सोन्याच्या बिस्किटावरचा हललेला आकडा म्हणजे कुणाच्या तरी घरी भांडण.

हा काटा कुणा एकाचा नाही. ओळीतल्या सगळ्या सराफांनी मिळून तो ठेवला आहे. नागपूरहून चांदीची वीट आली, कुणी जुने दागिने आटवून नवी लगड पाडली, सोन्याची बिस्किटं एका दुकानातून दुसऱ्या दुकानात गेली, की माल आधी इथे यायचा. इथे तोलायचा, इथली चिठ्ठी घ्यायची, आणि चिठ्ठीवरचा आकडा देणाऱ्यानेही मानायचा आणि घेणाऱ्यानेही. सुरभीच्या बापाने, अण्णाजींनी, एक्केचाळीस वर्षं ही चिठ्ठी लिहिली. मग त्यांचे हात थरथरायला लागले. ओळीने विचार केला की आता बाहेरून माणूस आणावा लागणार, तर अण्णाजींनी पोरीला आणून काट्यासमोर बसवलं. बी.एस्सी. झालेली, लग्नाचं नाव काढलं की उठून जाणारी. ओळीने तोंडं वाकडी केली. तीन वर्षांनी ती सरळ झाली, कारण तीन वर्षांत सुरभीच्या आकड्यात कोणी मायचा लाल चूक काढू शकला नव्हता.

त्या दुपारी ती रिकामी बसली होती. मागच्या खोलीत, पडद्याच्या पलीकडे, अण्णाजी तख्तावर पडले होते. बापलेकीचं बिऱ्हाड तिथेच होतं. पुढे काटा, मागे चूल, आणि दोन्ही खोल्या सराफा संघाच्या मालकीच्या. एवढ्यात एक म्हातारी उन्हातून आत आली. डोक्यावर पदर, हातात नायलॉनची जड पिशवी, आणि चेहऱ्यावर अशी चिडकी नजर की समोरच्याने आधीच माफी मागून मोकळं व्हावं.

"धरमकाटा इथंच हाय का व माय?"

"इथंच हाय. पण मावशी, हा व्यापाऱ्याईचा काटा हाय. गिऱ्हाइकाचं इथं नाई तोलत."

"काऊन? गिऱ्हाइकाची चांदी हलकी रायते का?"

सुरभीला हसू आलं. म्हातारीला मात्र आलं नाही. तिने पिशवीतून एकेक करत मिठाचे पाच पुडे काढले आणि सुरभीच्या वहीवर रांगेने मांडले. शेवटी एक फडकं काढलं, त्याच्या गाठी दातांनी सोडल्या आणि आतली चांदीची वीट पुड्यांच्या शेजारी ठेवली.

"मी रुख्माबाई. वडनेरची. घरच्या तराजूत एकीकडं ईट ठेवली अन् दुसरीकडं मिठाचा किलोचा पुडा. पुडा खाली, ईट वर. म्हटलं, दुकानदारानं जास्त भरला असन. दुसऱ्या दुकानातून आनला. तोही खाली. असे पाच दुकानाचे पाच पुडे आनले. पाचही खाली गेले. आज सकाळच्या गाडीनं येऊन गोपालशेठले इचारलं, त तो हासला. म्हने, आजी, मिठानं कोनी चांदी मोजते का? मी म्हटलं, बाप्पा, किलो त किलोच असते. पाच दुकानदार खोटे अन् तू एकटा खरा?"

यात हसण्यासारखं खरं तर पुष्कळ होतं. पुड्याच्या प्लास्टिकचं वजन असतं, घरचा तराजू कुठे तरी झुकतो, मिठाला ओल लागते. तोलणाऱ्या माणसाने ऐकून कानावर हात ठेवावेत असा सगळा मामला. पण सुरभी हसली नाही. पाच वेळा केलेला तोल हा तोलच असतो, मग तो कशानेही केलेला असो. तिला या म्हातारीच्या रीतीत आपलीच रीत दिसली, आणि ती म्हातारी तिला एकदम आवडली.

"कायची ईट हाय ही, मावशी?"

"माह्या अंगावरची. गोठ, वाळे, सरी, पायातले तोडे. मले दोघी लेकी. एकीले गोठ देले त दुसरीचं तोंड फुगते. म्हटलं, आटवून एक ईट कराव अन् बरोबर मधातून कापून दोघींले द्याव. मी मेल्यावर भांडन नाई पायजे. आता कमी भरली त दोघी म्हनतीन, मायनं दुसरीले चोरून देलं. मेल्यावर माह्या नावावर चोरी लागन, अन् तवा सांगाले मी नसन."

तिने ब्लाउजमधून घामाने ओली झालेली एक घडी काढली. काट्याची चिठ्ठी. "गोपालशेठवर माहा भरोसा नव्हता, खरं सांगतो तुले. चिठ्ठीवर होता. अण्णाजीच्या काट्याची चिठ्ठी हाय म्हनून मी उचलली ईट."

सुरभीने घडी उलगडली आणि ती उजेडाकडे धरली.

चिठ्ठी छापील नव्हती. मशीन यायच्या आधीच्या चिठ्ठ्यांच्या जुन्या पुस्तकातली होती, हाताने लिहिलेली. एक हजार ग्रॅम. खाली अण्णाजींची सही, थरथरत्या हाताची, ण्ण सापासारखा वळवळलेला. आणि तारीख होती गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारची. त्या मंगळवारी सुरभी वर्ध्याला गेली होती. काट्याचा नेमका किलो, सरकारी शिक्क्याचा, मखमलीच्या डबीतला, वर्षातून एकदा तपासून आणावा लागतो, तो घेऊन. तो किलो जागेवर नसेल तर काटा उघडायचा नाही, हा अण्णाजींनीच लहानपणापासून तिच्या कानीकपाळी ओरडून शिकवलेला धडा. जाताना तिने स्वतःच्या हाताने दारावर 'आज काटा बंद' अशी पाटी लावली होती.

बंद काट्याची चिठ्ठी तिच्या हातात होती.

तिने खालचा खण ओढला. जुनं पुस्तक वरच पडलेलं होतं, लपवायचीही तसदी कोणी घेतली नव्हती. त्या मंगळवारच्या सात स्थळप्रती. सातही विटा गोपालशेठच्या, सातही बरोबर हजार ग्रॅम. ओतलेली चांदी कधी सात वेळा बरोबर हजार भरत नाही. हे काट्यावर आठ दिवस बसलेल्या माणसालाही कळतं. अण्णाजींना कळलं नसेल? तिने पडद्याकडे पाहिलं. पडद्यामागे तख्त करकरलं आणि गप्प झालं. म्हणजे ते जागे होते आणि ऐकत होते.

सुरभीला राग आला. इतका की कानशिलं तापली. बापावर आला, शेठवर आला, आणि या म्हातारीवरही थोडा आला, की पाच पुडे मीठ विकत घेऊन ती सुखाने चाललेल्या घरात येऊन बसली. मग तिने डबीतला किलो काढला.

"मावशी, तो कुलर बंद करा."

"माय व, मरन येईन गरमीनं."

"येऊ द्या. तोल असाच असते."

आधी नेमका किलो, फडक्याने धरून. हजार पूर्ण, शून्य शून्य शून्य. काटा खरा होता. मग वीट. काचेचं दार लागलं, आकडे धावले आणि थांबले. नऊशे एकसष्ट ग्रॅम चारशे मिलिग्रॅम. तिने वीट काढली, फिरवून ठेवली. नऊशे एकसष्ट चारशे. पुन्हा काढली, पालथी ठेवली. तेच. रुख्माबाईला आकडे वाचता येत नव्हते, पण ती सुरभीचा चेहरा वाचत होती.

"कमी हाय ना?"

"हाय."

"मिठाचा पुडा खरा निघाला." म्हातारीने एक पुडा उचलून मायेने थोपटला.

तेवढ्यात गोपालशेठ दारात उभे राहिले. ओळीत बातमीला पाय लागत नाहीत, म्हातारी काट्याकडे गेली हे त्यांना चार दुकानं सांगत आली असतील. गोपालशेठ संघाचे अध्यक्ष. बारीक अंगाचा, पांढऱ्याशुभ्र शर्टातला, कधी आवाज न चढवणारा माणूस. दिवाळीला पहिला डबा अण्णाजींना त्यांच्याकडून यायचा. अण्णाजी बाजूला बसल्यापासून ओळीतला एकही माणूस पडदा सारून त्यांची विचारपूस करत नव्हता, गोपालशेठ तेवढे करायचे. हे सगळं सुरभीच्या डोक्यात एकदम येऊन बसलं.

त्यांनी काट्यावरचा आकडा पाहिला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"बेटा, जुने दागिने आटवले की घट येतेच. आतून लाख निघते, जोडाले डाग देलेला असते. तुले काय सांगाचं?"

"घट येते, काका. पण घट आल्यावर जे रायलं तेच ईटेवर लिवाव लागते. शिक्का हजारचा काऊन?"

"कारागिराची चूक." त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली दुसरी वीट काढून टेबलावर ठेवली. तयारीनेच आले होते. "ही घ्या आजी. हजाराच्या वर दोन ग्रॅम भरन. पायजे त तोलून घ्या. ती मले वापस द्या. झालं? चिठ्ठी फाड बेटा, नवी बनव."

बस एवढंच. म्हातारीला तिची चांदी मिळत होती, लेकींची भांडणं मिटत होती, बापाचं नाव राहत होतं, डोक्यावरचं छप्परही राहत होतं. एक कागद फाडायचा. सुरभीने खरोखर हात पुढे केला. खोटं कशाला बोलायचं, तिने केलाच. पण तिची बोटं चिठ्ठीवर टेकली तेव्हा खालच्या उघड्या खणातून जुनं पुस्तक दिसत होतं.

"अन् बाकीच्या सहा?" ती म्हणाली.

"कोनत्या सहा?"

"त्या मंगळवारच्या सहा ईटा. त्या कोनाच्या घरी हायेत, काका? त्याइच्या घरी तराजू नसन, नाई त मिठाचे पुडे नसतीन."

गोपालशेठनी एकदा पडद्याकडे पाहिलं. मग आणखी हळू बोलले. "सुरभी, ती चिठ्ठी कोनाच्या सहीची हाय, ते पाह्य. माही नाई हाय. बदनामी कोनाची होईन, इचार कर. अण्णाजींनी एक्केचाळीस साल नाव कमावलं. तू एका दुपारी घालवतं का? अन् ह्या दोन खोल्या संघाच्या हायेत. मी काही बोलत नाई. पन संघ बोलन."

रुख्माबाईने इतका वेळ दोन्ही विटा दोन हातांत घेऊन त्या वरखाली करून पाहिल्या होत्या. शेठची वीट तिने परत टेबलावर आपटली.

"ही भारी हाय, मले समजते. घेईन मी ही. पन आंधी माह्या ईटेत किती कमी हाय ते याच्या तोंडानं नाई, हिच्या तोंडानं ऐकाचं हाय मले. मले सकाळी समद्या दुकानासमोर हासला हा. माहं माप खरं निघालं हे बी समद्याईसमोर सांगा. कोपऱ्यात घेऊन कायले सांगता?"

समद्याईसमोर. सुरभीला एकदम बापाचा आवाज आठवला. काट्यावर छापील चिठ्ठी आली त्याच्या आधी, ती शाळेत होती तेव्हा, प्रत्येक तोलाचा पुकारा व्हायचा. अण्णाजी बाहेरच्या ओट्यावर उभे राहून अख्ख्या ओळीला ऐकू जाईल असं तीनदा ओरडायचे. पहिल्या दोन पुकाऱ्यांत ज्याला हरकत असेल त्याने पुढे यायचं. तिसरा पुकारा झाला की तो आकडा पक्का, मग कोणाचा बाप आला तरी बदलायचा नाही. ओळीतली पोरं त्या आवाजाची नक्कल करायची. मग मशीन आलं, छापील चिठ्ठी आली आणि पुकारा बंद पडला. कोणी बंद केला नाही, तो नुसता बंद पडला. किती लोकांची किती सोय झाली असेल तेव्हा, हे सुरभीला आज कळत होतं.

ती उठली.

"बेटा," गोपालशेठ म्हणाले, आणि या वेळी त्या शब्दात बेटा काहीच नव्हतं.

"सरका, काका."

ओट्याचा दगड चपलेतूनही पोळत होता. बाईमाणसाने पुकारा केल्याचं ओळीने कधी ऐकलं नव्हतं, सुरभीने स्वतःही तो कधी केला नव्हता. शब्द तरी आठवतात की नाही, हीच भीती. तिने छाती भरून घेतली.

"ऐका हो ओळ! माल रुख्माबाईचा, वडनेर! काटा ओळीचा! तोल नऊशे एकसष्ट ग्रॅम चारशे! शिक्का हजारचा!"

आवाज मधेच चिरकला. समोरच्या दुकानातला माणूस चहाचा कप हातात धरून तसाच थांबला. दोन दुकानांचे पडदे बाजूला झाले. कुणीतरी हसलं. त्या हसण्याने तिचा आवाज जागेवर आला. दुसरा पुकारा तिने असा केला की पार कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याने चरक थांबवला.

"हरकत असन त्यानं पुढं याव!" ती म्हणाली आणि वळून गोपालशेठकडे पाहिलं.

गोपालशेठ दारातच होते. आता ओळ बघत होती, त्यामुळे त्यांचा आवाज आणखी मऊ झाला. "हरकत हाय. काट्याची चिठ्ठी हजारची हाय. अण्णाजींची सही हाय. आता पोरीचं खरं मानाचं का बापाचं, ते ओळीनं सांगाव."

डाव चांगलाच होता. जुनी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. अण्णाजींच्या आकड्यावर या लोकांनी मुलींची लग्नं लावली होती. तिसऱ्या पुकाऱ्याचा पहिला शब्द तिच्या तोंडात आला आणि तिथेच अडकला, कारण तो उच्चारला की बाप खोटा ठरणार होता, आणि ते आपल्या तोंडाने, भर ओळीत.

मागे पडदा सरकला. अण्णाजी भिंतीला धरून धरून बाहेर आले. अंगात बनियन, पायात काही नाही. ओट्याच्या चटक्याने त्यांनी एक पाय उचलला, मग तोही खाली ठेवला. त्यांचे दोन्ही हात थरथरत होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"माप वर्ध्याले गेलतं," ते सुरभीला म्हणाले, फक्त तिला. "शेठ म्हने, माप नसन त काय झालं, तुमचा शब्द त इथंच हाय ना, अण्णाजी. तीन वर्सानं कोनी मले शब्द मांगतला, पोरी. मी भुललो, न तोलताच लिवलं."

मग त्यांनी ओळीकडे तोंड केलं. सत्तरीच्या त्या वाळक्या छातीतून जो आवाज निघाला तो सुरभीने पंधरा वर्षांत ऐकला नव्हता.

"ऐका हो ओळ! माल रुख्माबाईचा, वडनेर! काटा ओळीचा! तोल नऊशे एकसष्ट ग्रॅम चारशे! तोलनारी सुरभी! हजारची चिठ्ठी खोटी! लिवनारा मी, अण्णाजी!"

तिसरा झाला. आता तो आकडा पक्का होता.

गोपालशेठनी रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली. "उद्या संघाची मीटिंग लावतो," ते म्हणाले. "दोन्ही खोल्याची चाबी तयार ठेवजो."

"ठेवतो," अण्णाजी म्हणाले. "तुम्ही त्या सहा ईटाईची यादी तयार ठेवजा."

शेठ गेले, पण दर पावलाला कोणीतरी त्यांच्याकडे बघत होतं, आणि ओळ त्यांना कधी नव्हे इतकी लांब पडली असेल. समोरच्या दुकानातला माणूस चहाचा कप खाली ठेवून आत गेला. सुरभीला वाटलं, तोही गेला, आता सगळे जातील, आणि उद्या कुलूप लागेल. लागू दे. तिला इतकं हलकं वाटत होतं की कधी वाटलं नव्हतं.

ती आत आली. शेठची वीट टेबलावरच राहिली होती. ती तोलली, हजार दोन भरली, आणि सुरभीने नवी चिठ्ठी केली. रुख्माबाईने ती ब्लाउजात खोचली, जुनी वीट मात्र टेबलावर सुरभीकडे सरकवली.

"ही असू दे तुह्याजवळ. मीटिंगीत दाखवाले लागन. अन् मीठ बी असू दे, कायले वापस वाहून नेऊ." तिने पदराने तोंड पुसलं आणि बटणाकडे हात नेला. "आता लावू का व माय तुहा तो कुलर? जीव चाल्ला."

सुरभीने दाराकडे पाहिलं. समोरच्या दुकानातला माणूस रस्ता ओलांडून येत होता. त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं, आणि दुसऱ्या हातात जुन्या पुस्तकातली, हाताने लिहिलेली चिठ्ठी. त्याच्या मागून आणखी एक बाई येत होती, पायात चप्पलही न घालता.

अण्णाजींनी त्यांना बघितलं. ते भिंत धरून काट्याजवळ आले, मखमलीची डबी उघडली आणि थरथरत्या हातांनी नेमका किलो लेकीच्या पुढे सरकवला.

"कुलर राहू द्या, मावशी," सुरभी म्हणाली. "अजून सहा बाकी हायेत."